मर्यादेची रिकामी जागा

मोबाइलचं अ‍ॅप कोणत्या संगणकभाषेत लिहायचं हे ठरवणं म्हणजे लग्नाचं स्थळ पाहण्यासारखं असतं. एकीचं रूप चांगलं, दुसरीचं घराणं मोठं, तिसरी कामाला वाघ पण स्वभावाने तिखट. एकदा होकार दिला की पुढची कित्येक वर्षं निभावून न्यावं लागतं. नागपूरच्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, त्या वर्षी ऐन उन्हाच्या तोंडावर असंच एक स्थळ ठरत होतं. प्रयोगशाळा हा शब्द निरुपमा काळमेघचा. तिचा भागीदार यशोधन उमाठे त्या जागेला दुकानच म्हणायचा, आणि त्याचंच जास्त बरोबर होतं. चार टेबलं, भिंतीवर टांगलेले नाना कंपन्यांचे फोन आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसवलेले प्लास्टिकचे दोन कृत्रिम देह. त्या देहांना चेहरा नव्हता, पण मनगटात नाडी उडायची. झाडूवाली बाई त्या कोपऱ्यात कधी झाडत नसे.

दोघांच्या अ‍ॅपचं नाव 'सोबत'. एकट्याने राहणाऱ्या वयस्क माणसाच्या मनगटावर देहपट्टी असायची. ती नाडी, श्वास आणि चालण्याचा तोल मोजून फोनला कळवायची, आणि काही बिनसलं की फोन त्याच्या जवळच्या माणसाला हाक मारायचा. या जवळच्या माणसाला 'सोबत'मध्ये आधार म्हणत. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मागच्या हिवाळ्यात वर्ध्याचे एक आजोबा न्हाणीघरात पडले. फोनने त्यांच्या आधाराला, म्हणजे भाच्याला, हाक मारली. भाचा स्वतःच तापाने बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडलेला होता. अ‍ॅप उत्तराची वाट पाहत एकाच फेऱ्यात अडकलं आणि तिथेच फिरत राहिलं. शेजाऱ्यांना हाक गेलीच नाही. आजोबा सापडले तेव्हा फार उशीर झाला होता.

निरुपमाने ही गोष्ट मनाला लावून घेतली. तिचे वडील दौलतराव, निवृत्त वनपाल, उमरेडला एकटेच राहत होते. आई गेल्यावर तिने त्यांना नागपूरला चला म्हणून नाना परींनी विनवलं, पण त्यांना अंगणातली झाडं सोडवत नव्हती. त्यांच्या मनगटावर 'सोबत'चीच पट्टी होती आणि त्यांचा आधार निरुपमा होती. उद्या आपल्याच अ‍ॅपने आपल्याच बापाला असं जमिनीवर पडू दिलं तर, या विचाराने तिची झोप उडाली. तिने ठरवलं की 'सोबत' पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायचं.

नव्या आराखड्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली, पहारा दोन्ही टोकांवर ठेवायचा. आधाराच्या मनगटावरही पट्टी हवी, कारण हाक ऐकणारं माणूसच ठीक नसेल तर हाक मारून उपयोग काय? दोन्ही टोकं शाबूत आहेत तोवर अ‍ॅपने पाहत राहायचं. त्यातलं कोणतंही एक संपलं की शेजाऱ्यांना कळवायचं आणि तो पहारा मिटवायचा. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅप कधीही, कुठेही अडकता कामा नये.

इथे भाषेचा प्रश्न आला. उमाठेचं मत, जी सगळ्यांना येते तीच घ्यावी. एकदा लिहिलं की दोन्ही जातींच्या फोनवर चालतं, आणि माणसं मिळतात. पण वर्ध्याचं अ‍ॅप त्याच भाषेत लिहिलेलं होतं. दुसरी भाषा वेगवान होती, पण तिच्यात स्मृतीचा हिशेब स्वतः सांभाळावा लागतो आणि त्यात भलेभले घसरतात. तिसरी होती 'सांत', म्हणजे अंत असलेली. ती धरणांच्या दरवाजांसाठी आणि लिफ्टसाठी वापरली जायची. फोनवर तिला कुणी आणलंच नव्हतं. तिच्या निर्मात्या डॉ. विनता साल्पेकर नागपुरातच राहत होत्या, म्हणून निरुपमाने त्यांनाच बोलावून घेतलं.

साल्पेकरबाई साठीच्या, बारीक अंगाच्या, आणि प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात एकदा तपासून घेणाऱ्या. त्यांनी चहा बाजूला सारला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"संगणकशास्त्राचं एक जुनं दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "कोणतीही आज्ञावली थांबेल की कायमची फिरत राहील, हे आधीच सांगणारी एक पद्धत असूच शकत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून मी भाषाच लहान केली. सांतमध्ये फक्त थांबणाऱ्याच आज्ञावल्या लिहिता येतात."

"ते कसं जमवता?" उमाठेने विचारलं.

"प्रत्येक फेऱ्याची उतरण दाखवावी लागते. उतरण म्हणजे अशी एक राशी, जी दर फेरीला कमी होते आणि शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. जिना उतरणारा माणूस कधी ना कधी तळाला पोचतोच, तसं. सांतच्या आत एक पारखी बसवलेला आहे. तो ही उतरण तपासतो. ती सिद्ध झाली नाही तर तो आज्ञावली चालूच देत नाही."

निरुपमाला अडचण लगेच दिसली. तिच्या अ‍ॅपचा मुख्य फेरा थांबण्यासाठी नव्हताच. दोन माणसं आहेत तोवर पाहत राहा, एवढंच त्याचं काम होतं.

"माणसं आहेत तोवर म्हणजे कायमचं नव्हे," साल्पेकरबाई शांतपणे म्हणाल्या. "मर्यादा म्हणून दोनशे वर्षं लिहा आणि मोकळे व्हा."

हा सल्ला सोपा होता आणि तो पाळला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उमाठेच्या घरी बाहेर पडताना 'जातो' म्हटलं तर आई उंबऱ्यावरून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायची. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायची, दुकान बंद केलं तरी ते वाढवलं म्हणायचं. निरुपमाही त्याच वळणाची. यंत्राशी बोलणारी ही शिकलेली माणसं, पण मर्यादेच्या रकान्यापाशी दोघांचेही हात आखडले. आकडा दोनशेचा असो की हजाराचा, जित्याजागत्या माणसाच्या नावापुढे शेवट लिहायचा म्हणजे काय? त्यातून यादीत पहिलं नाव दौलतरावांचं.

"बाबांच्या नावापुढे मी आकडा नाही लिहिणार," निरुपमा म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर थोडी हसली. उमाठे मात्र हसला नाही. त्यालाही तेच हवं होतं.

सांतच्या नियमांत एक सवलत होती. मर्यादा रिकामी सोडली तर पारखी स्वतःच ती शोधून काढतो. साल्पेकरबाईंनी ही सोय आळशी विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती. दोघांनी रकाना रिकामा सोडला. प्लास्टिकच्या देहांवर चाचणी घेतली तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: मर्यादा सापडली, आज्ञावली थांबेल. पेढे आले, झाडूवाल्या बाईलाही मिळाले. कोणती मर्यादा सापडली, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. काम झालं की आपल्याकडे खोलात कोण जातं?

अ‍ॅप बाजारात गेलं आणि लोकांनी ते आनंदाने घेतलं. आठ-पंधरा दिवसांतच एक तक्रार मात्र सारखी येऊ लागली. 'सोबत' फोनमध्ये फार जागा खातं. याचं कारण निरुपमाला ठाऊक होतं. सांतची आज्ञावली प्रत्येक फोनवर त्या त्या माणसांच्या नोंदी घेऊन वेगळी घडवली जाते, आणि रोज पहाटे ताज्या नोंदींनिशी पुन्हा घडते. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना लागणारी जागाही ती आधीच अडवून ठेवते, म्हणजे मधेच कमी पडायला नको. जितक्या फेऱ्या, तितकी जागा. हे कळत असूनही गिऱ्हाइकाला असं सांगता येत नाही.

एका रविवारी ती उमरेडला फोनवर बोलत होती. तिने हा वैताग बोलून दाखवला तेव्हा दौलतराव म्हणाले की आमच्या फोनात तर ते काहीच जागा घेत नाही, एखाद्या फोटोएवढं असेल. तिने दुरून तपासून पाहिलं, तर खरंच तसं होतं. तिला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिने उमाठेला कामाला लावलं. बाबांच्या फोनमध्ये असं काय चांगलं आहे ते शोध, म्हणजे सगळ्यांकडे तसंच करता येईल.

उमाठेला मागच्या पंधरवड्याच्या नोंदींत तसे आणखी थोडे फोन सापडले. कंपन्या वेगळ्या, गावं वेगळी, फोन जुने आणि नवेही. सारखं काहीच दिसेना. शेवटी त्याने त्या गिऱ्हाइकांनाच फोन लावायला घेतले. तुमच्याकडे अ‍ॅप छान चालतंय, तुम्ही नेमकं काय करता, असं विचारायचा त्याचा बेत होता. निरुपमा समोरच्या टेबलावर होती. पहिल्या फोननंतर त्याने "माफ करा जी" म्हणून फोन ठेवलेला तिने ऐकला. दुसऱ्यानंतरही तेच ऐकलं. तिसरा फोन ठेवून तो हळूच येऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

"ताई, हे लोक मरून राहिले," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. पुसदचे काका चार दिवसांपूर्वी गेले होते. भंडाऱ्याच्या आजी मागच्या आठवड्यात गेल्या. अचलपूरचे गृहस्थ अतिदक्षता विभागात होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप लहान, ती माणसं जात होती, आणि ज्याचं अ‍ॅप जितकं लहान, ते माणूस तितकं लवकर. निरुपमाने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला बाबांचा फोन आठवला.

दोघं तडक साल्पेकरबाईंच्या घरी गेले. बाईंनी दौलतरावांच्या फोनवरचा पारख्याचा पुरावा मागवून घेतला आणि तो वाचत बसल्या. फार लांब होता. मधेच त्यांनी विचारलं की नाडीच्या नोंदींचा अर्थ लावायला तुम्ही काय दिलं होतं? निरुपमाने सांगितलं, देहनमुना. माणसाच्या शरीराचं संपूर्ण गणित, श्वासापासून रक्तापर्यंत, औषधांचे परिणामसुद्धा त्यात घातलेले. तिला त्या नमुन्याचा फार अभिमान होता.

"मग त्याला सगळंच मिळालं," बाई म्हणाल्या. "देहनमुना दिलात, रोजच्या नोंदी दिल्यात, आणि हा फेरा कधी थांबेल ते शोध म्हणालात. त्याने शोधलं."

"काय शोधलं?"

"उतरण. एक राशी आहे, तिला वैद्यकात नाव नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वास सोडल्यानंतरची विश्रांती, पाऊल उचलायला लागणारा वेळ, या सगळ्यांतून मिळून ती बनते. प्रत्येक देहात ती रोज थोडी कमी होते. झोपेने वाढत नाही, औषधाने वाढत नाही. मी ओळ न ओळ तपासली. यात चूक नाही."

उमाठेने विचारलं की मग हा मरणाचा दिवस समजायचा का? नाही, बाई म्हणाल्या, ही वरची मर्यादा आहे. माणूस त्याआधी अपघाताने जाऊ शकतो, त्यानंतर राहू शकत नाही. आणि पुरावा खरा म्हणजे नमुना खरा असेल तरच खरा. नमुन्यात कुठे खोट निघाली, एक उदाहरण जरी चुकलं, तर सगळं कोसळेल.

"तुम्ही तो रकाना रिकामा का सोडलात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अभद्र वाटलं," निरुपमा म्हणाली.

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की दोनशे लिहून नवी आवृत्ती सोडा आणि पुन्हा त्या पुराव्याकडे पाहू नका. पण निरुपमाने तोवर पाहिलं होतं. उमरेडचा फेरा दसऱ्यापर्यंतही पोचत नव्हता.

त्या दिवसांत तिला एकच धागा सापडला, आणि तो उमाठेने आणून दिला. गोंदियाकडच्या भागीरथीबाई रहांगडाले. त्यांच्या फोनमधलं अ‍ॅप अगदी बारीक झालं होतं आणि मागच्या आठवड्यात आपोआप मिटलं होतं. पण बाई जिवंत होत्या. अ‍ॅप बंद पडलं म्हणून त्यांनी दुकानात फोन केल्याची नोंदही होती. म्हणजे पारख्याने सांगितलेली मर्यादा ओलांडून एक माणूस चालतंबोलतं होतं. एक उदाहरण चुकलं तरी नमुना खोटा ठरतो, हे साल्पेकरबाईंनीच सांगितलं होतं. उमाठे म्हणाला की सोमवारी आपण दोनशेची आवृत्ती सोडू आणि हे सगळं विसरून जाऊ. निरुपमाने मान डोलावली, पण भागीरथीबाईंचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला आणि शनिवारी सकाळी उमरेडला निघाली.

दौलतराव तिला फाटकापाशीच भेटले. हातात नळी, झाडांना पाणी घालणं चाललेलं. मे महिन्याच्या त्या उन्हातही त्यांचा आवाज खणखणीत होता. तिने काहीतरी निमित्त सांगून त्यांना तपासणीला चला म्हटलं. त्यांनी कुरकुर केली, पण आले. रक्त झालं, हृदयाचा आलेख झाला, छातीची चित्रं झाली. डॉक्टर दौलतरावांच्याच ओळखीतले होते. ते म्हणाले की वनपालसाहेब, हे हृदय अजून एक नोकरी करेल. निरुपमाने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा डॉक्टर थोडे वैतागले. काही असतं तर मी लपवलं असतं का, असंही त्यांनी विचारलं.

घरी येऊन दौलतरावांनी आंब्याचं पन्हं केलं. "मलेच काऊन तपासून राहिली वं?" ते म्हणाले. "तूच केवढी वाळली. जेवत नाही का तिकडे?"

सगळे बाप असंच म्हणतात. निरुपमाने पन्हं घेतलं आणि तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. बाबा ठणठणीत आहेत, भागीरथीबाईही जिवंत आहेत, म्हणजे नमुना खोटा. आता फक्त बाईंशी दोन शब्द बोलून खात्री करायची राहिली होती. ती मागच्या पडवीत गेली आणि तिने गोंदियाचा नंबर लावला.

भागीरथीबाईंनी फोन लगेच उचलला. आवाज थकलेला होता, पण स्पष्ट. निरुपमाने आपली ओळख सांगितली आणि तब्येत विचारली.

"मले काय होते जी," बाई म्हणाल्या. "मी आहेच. गुडघे दुखतात तेवढे."

"अ‍ॅप बंद पडलं त्या दिवशी तुम्हाला काही त्रास झाला होता का?"

"मले नाही झाला. माझा लेक गेला जी त्या दिवशी. जेवून उठला अन् बसल्या जागीच गेला. काही दुखणं नव्हतं त्याले. म्हणून तर तुमच्याकडे फोन केला. म्हटलं, आता त्याच्या जागी कोनाचं नाव टाकू?"

निरुपमाने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. धीराचं काहीतरी बोलली असेल. फोन ठेवून ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. ज्या एका उदाहरणावर तिने सगळी भिस्त ठेवली होती, ते चुकलेलं नव्हतंच. फेरा दोन टोकांवर उभा होता. दोघांपैकी कुणीही एक संपलं की तो संपतो, असं तिने स्वतःच लिहिलं होतं. पारख्याने मर्यादा शोधली ती त्या जोडीची. जो आधी संपेल, त्याची. आणि म्हातारं माणूसच आधी संपणार, हे गृहीत पारख्याने धरलं नव्हतं. ते तिने धरलं होतं, उमाठेने धरलं होतं. बापाआधी लेक, हा विचार मनात आणणंसुद्धा त्यांच्यात अभद्र.

तिच्याही मनगटावर पट्टी होती. ती आपलं काम करत होती.

मर्यादा बाबांची की आपली, हे कळायला एकच रस्ता होता, आणि तो सोमवारपर्यंतच खुला होता. तिचा भाऊ श्रीकर रायपूरला होता. मागच्या राखीला तिने त्याला धाग्यासोबत पट्टीही पाठवली होती, आणि ताईचा शब्द म्हणून तो ती घालायचा. बाबांच्या फोनमध्ये आधाराच्या जागी श्रीकरचं नाव घातलं की आज्ञावली तिथल्या तिथे नव्याने घडणार. अ‍ॅप तेवढंच लहान राहिलं तर मर्यादा बाबांची, आणि मोठं झालं तर तिची.

ती आत आली. दौलतराव कूलरसमोर आरामखुर्चीत बसले होते. तिने त्यांचा फोन मागितला, आणि मी कामात असते, फोन उचलायला उशीर होतो, म्हणून श्रीकरचं नाव घालते असं सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि फोन दिला. तिने आपलं नाव काढून भावाचं नाव घातलं. शेवटची कळ दाबायच्या आधी तिचा अंगठा पडद्यावर थांबला. मोठं होऊ दे, बाबा राहू देत, असं तिला वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याच्याखाली दुसरंही काही वाटलं, फक्त क्षणभर. ते लहानच राहू दे. तिला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. तिने डोळे मिटून कळ दाबली.

फोन बराच वेळ आज्ञावली घडवत बसला. मग हातात थरथरला. तिने डोळे उघडले. पडद्यावर सूचना आली होती: जागा अपुरी आहे, काही फोटो काढून टाका.

"काय म्हणते तो?" दौलतरावांनी विचारलं.

निरुपमाने सूचना पुन्हा वाचली. श्रीकर आणि बाबा. या जोडीच्या पुढ्यात एवढी वर्षं होती की ती फोनमध्ये मावत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं हे खोटं नव्हतं, पण ते तेवढंच नव्हतं.

"जागा मागतंय, बाबा," ती म्हणाली. "काही फोटो काढावे लागतील."

त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि फोटो चाळायला सुरुवात केली. सागवानाचे काही, अंगणातल्या मोगऱ्याचे दोन-चार, आणि बाकी सगळे निरुपमाचे. पदवीच्या झग्यातली निरुपमा, पहिल्या स्कूटरवर बसलेली निरुपमा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली निरुपमा, दुकानाच्या उद्घाटनाला नारळ हातात धरलेली निरुपमा. एकेका फोटोपाशी ते थांबायचे आणि पुढे जायचे.

"यात तर तूच तू आहे," ते म्हणाले. "कोनता काढू?"

"कोणताही काढा. माझ्याकडे आहेत सगळे."

"तुझ्याकडे असतीन. माझ्याकडे नको का?"

"बाबा, ऐका ना. श्रीकरचं नाव राहू द्या. ते गरजेचं आहे."

तिचा आवाज चढला होता. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिला सांगता आलं असतं. सगळं सांगता आलं असतं, उतरण म्हणजे काय, आणि ती कोणाची आहे. ओठापर्यंत आलंही. पण त्या माणसासमोर ते शब्द बोलायला तिची जीभ वळेना. मर्यादेच्या रकान्यापाशी हात आखडला होता, त्या दिवशीही असंच झालं होतं.

"तुझं नाव होतं तवा हा काही मागत नव्हता," दौलतराव म्हणाले. "फोटो काढणार नाही मी." त्यांनी चष्मा नीट बसवला, श्रीकरचं नाव पुसलं आणि एकेक अक्षर शोधत तिचं नाव परत लिहिलं. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

या वेळी फोनला वेळ लागला नाही. सूचना गेली, पडदा मोकळा झाला. दौलतरावांनी समाधानाने फोन तिच्यापुढे धरला.

"हे पाय," ते म्हणाले. "कसं बरोबर मावलं."

"हो बाबा," निरुपमा म्हणाली, आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. त्यांनी स्कूटरवरचा फोटो परत उघडला होता आणि ती गाडी कुठून घेतली होती ते तिला विचारत होते.